२३ माणसे, ४ प्रिंटर, १ डोमेन : छोट्या संस्थेच्या क्लाउड ईमेल आणि छपाईच्या प्रकल्पनोंदी

सोमवार, १ सप्टेंबर

आज कामाला सुरुवात झाली. संस्थेत २३ कर्मचारी असून दोन मजल्यांवर मिळून ४ प्रिंटर आहेत, आणि ईमेल आजवर वेबसाइटच्याच होस्टिंगवर चालत आले आहे. ठरलेले काम दोन ओळींत मावते. ईमेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर न्यायचे आणि छपाई युनिव्हर्सल प्रिंट या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरून चालणाऱ्या छपाई सेवेमार्फत करायची, म्हणजे कार्यालयातला जुना प्रिंट सर्व्हर बंद करता येईल. त्या सर्व्हरची हार्ड डिस्क काही दिवसांपासून कुरकुरते आहे, त्यामुळे सगळ्यांनाच घाई आहे. तरीही मेलबॉक्सला हात लावण्याआधी मी कार्यालय व्यवस्थापकांना एकच प्रश्न विचारला : संस्थेच्या नावाने ईमेल कोण कोण पाठवते? त्यांनी २३ नावे सांगितली. माणसांखेरीज आणखी कोण, असे विचारल्यावर त्या जरा थांबून म्हणाल्या, “स्कॅनर पाठवतो की.”

ही यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर सुरू केली आहे आणि बरीच जागा मोकळी सोडली आहे. मेलबॉक्स हलवणे हे या कामातले सोपे टोक असते. ज्यांची कुणी दखल घेत नाही असे पाठवणारे शोधणे हे अवघड टोक, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

परवान्यांबाबत एक निर्णय आजच घेतला. युनिव्हर्सल प्रिंट हे मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्रीमियम परवान्यात समाविष्ट आहे, बिझनेस बेसिक आणि स्टँडर्डमध्ये नाही. त्यामुळे स्वस्तातला परवाना घेऊन नंतर छपाईसाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा सुरुवातीलाच प्रीमियम घ्यावा, असे संस्थेला सुचवले आणि ते मान्य झाले. माहिती व लेखा विभागाच्या सामाईक पत्त्यांना मात्र स्वतंत्र परवाना लागत नाही. ५० जीबीपर्यंतचा सामाईक मेलबॉक्स परवान्याविना चालतो.

बुधवार, ३ सप्टेंबर

डोमेनची (ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) किल्ली कुणाकडे आहे, हे शोधण्यात अख्खा दिवस गेला. नोंदणीचे खाते दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या खाजगी ईमेलवर निघाले. सुदैवाने त्या गृहस्थांशी संस्थेचे संबंध चांगले आहेत आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत खाते सोपवले. तसे झाले नसते, तर मालकीची कागदपत्रे नोंदणी कंपनीला सादर करून उत्तराची वाट पाहण्यात पुढचे कित्येक दिवस गेले असते.

खाते आता संस्थेच्या नावावर आहे, मात्र त्याचा संपर्क पत्ता याच डोमेनवरचा ठेवलेला नाही. डोमेनची मुदत चुकून संपली, तर मुदत संपल्याची सूचना त्याच बंद पडलेल्या डोमेनवर जाईल आणि घराची किल्ली घरातच राहून कुलूप लागल्यासारखी अवस्था होईल. याच कारणासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ ची दोन आणीबाणीची अ‍ॅडमिन खातीही संस्थेच्या डोमेनवर न ठेवता सेवेसोबत मिळणाऱ्या मूळ पत्त्यावर तयार केली.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

दोन्ही मजल्यांवर फिरून प्रिंटर पाहिले. तीन यंत्रे अलीकडची आहेत. चौथे, पहिल्या मजल्यावरचे मोठे बहुउद्देशी यंत्र, जुने असले तरी सर्वांत जास्त कागद त्याच्यातूनच जातो. त्याच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टीने एक कागद डकवलेला आहे. त्यावर ‘स्कॅन’ खात्याचा पत्ता आणि पासवर्ड निळ्या शाईत ठळक लिहिलेला आहे, आणि पासवर्डातला शून्य हा शून्यच आहे हे कळावे म्हणून त्यावर तिरकी रेघ मारलेली आहे. हे खाते होस्टिंगवरचे असून चारही यंत्रे त्याच खात्यातून स्कॅन पाठवतात.

चारही प्रिंटरना नेटवर्क पत्ता राउटरकडून आपोआप मिळतो. तो कायमचा नेमून द्यायला हवा. आज वेळ झाला नाही, नंतर करायचे.

यादीत आणखी भर : वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म आणि लेखा सॉफ्टवेअर, ज्यातून पावत्या परस्पर ग्राहकांना जातात.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सर्व मेलबॉक्स तयार झाले आणि जुन्या सर्व्हरवरून आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीद्वारे मेल ओढून घेणे सुरू झाले. ही पद्धत केवळ मेल आणते. संपर्क आणि कॅलेंडर आणत नाही. शिवाय एका मेलबॉक्समागे ५ लाख नगांची आणि एका संदेशामागे ३५ एमबीची मर्यादा आहे. पहिल्या मर्यादेच्या जवळपासही कुणी नाही, पण आराखड्यांची देवाणघेवाण करणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये दुसऱ्या मर्यादेपलीकडचे ११ संदेश निघाले. जोडलेली फाइल बेस-६४ या पद्धतीने मजकुरात रूपांतरित होताना दर ३ बाइटांचे ४ होतात, म्हणजे आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. त्यामुळे २७ एमबीची वाटणारी फाइल मेलमध्ये ३६ एमबीची होऊन बसते. ते ११ संदेश हाताने उतरवून ठेवले.

पहिली नक्कल पूर्ण झाली की ही यंत्रणा दर २४ तासांनी जुन्या सर्व्हरवर काय नवे आले ते पाहून उरलेले आणत राहते. पुढच्या आठवड्यात या सोयीनेच मला आधी चकवले आणि मग वाटही दाखवली, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली आहे. (हे वाक्य १६ तारखेला घातले.)

एमएक्स रेकॉर्डचा (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे जावे हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतर सर्व्हरांनी किती वेळ जपून ठेवावी हा आकडा, ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणला. ऐन बदलाच्या दिवशी तो कमी करून उपयोग नसतो, कारण जुना आकडा जगभरच्या सर्व्हरांनी आधीच २४ तासांसाठी जपून ठेवलेला असतो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर एमएक्स बदलला. पाऊण तासात बाहेरून पाठवलेले चाचणी संदेश नव्या मेलबॉक्समध्ये येऊ लागले.

एसपीएफच्या, म्हणजे डोमेनच्या नावाने मेल कोणत्या सर्व्हरांनी पाठवावे हे सांगणाऱ्या रेकॉर्डच्या, बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली आणि ती तासाभरात लक्षात आली. जुन्या होस्टिंगचा एसपीएफ रेकॉर्ड तसाच ठेवून मी मायक्रोसॉफ्टचा दुसरा रेकॉर्ड शेजारी भरला. एका डोमेनला एसपीएफचे दोन रेकॉर्ड असले, तर तपासणारा सर्व्हर दोन्ही वाचून बेरीज करत नाही. नियमाप्रमाणे तो कायमस्वरूपी त्रुटी मानून संपूर्ण तपासणीच निकालात काढतो. म्हणजे दोन कुलुपे लावली आणि दार उघडेच राहिले. जुना रेकॉर्ड काढून एकच ठेवला. एसपीएफ तपासताना डीएनएसकडे (डोमेनच्या या नोंदी जेथे असतात त्या यंत्रणेकडे) जास्तीत जास्त १० वेळा विचारणा करता येते, हेही ध्यानात ठेवायला हवे, कारण प्रत्येक नवी सेवा आपले नाव त्यात घालायला सांगते आणि मर्यादा ओलांडली की पुन्हा तीच त्रुटी येते.

डीकेआयएमसाठी (मेलवर डोमेनची डिजिटल सही करण्याच्या पद्धतीसाठी) दोन सीनेम रेकॉर्ड, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, भरले. डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करावे हे सांगणारा नियम, सध्या केवळ निरीक्षणावर ठेवला आहे, म्हणजे कोणताही संदेश अडवला जाणार नाही, पण जगभरचे मोठे सर्व्हर संस्थेच्या नावाने आलेल्या मेलचा दैनंदिन अहवाल पाठवतील. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही सक्तीचे केले आहेत. जीमेलसाठी दिवसाला ५,००० संदेशांची सीमारेषा आहे. ही संस्था तिच्या आसपासही जाणार नाही, तरी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक असण्याची अट लहानमोठ्या सर्वांनाच आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर

सकाळी साडेनऊला तक्रारी सुरू झाल्या. त्यांतल्या बहुतेक अपेक्षित होत्या : फोनवर नवा पासवर्ड घेतला जात नाही, स्वाक्षरी गेली, जुना फोल्डर दिसत नाही. सामाईक पत्त्यावरून पाठवलेले उत्तर पाठवणाऱ्याच्याच ‘सेंट’मध्ये जाते आणि सहकाऱ्यांना दिसत नाही, ही तक्रार रास्त होती, तिच्यासाठी सामाईक मेलबॉक्समध्येही प्रत ठेवण्याची सेटिंग चालू केली. एका कर्मचाऱ्याने सर्व मेल आपल्या खाजगी पत्त्यावर आपोआप जाण्याची सोय केली होती, ती आता बंद पडली आहे, कारण मायक्रोसॉफ्ट ३६५ बाहेर जाणारे असे स्वयंचलित वळण मुळातच अडवते. ती पुन्हा चालू करून देण्यास मी नकार दिला.

एक तक्रार मात्र समजेना. पहिल्या मजल्यावरून केलेले स्कॅन पोहोचत नाहीत. यंत्रासमोर उभे राहून मी स्वतः एक पान स्कॅन केले. पडद्यावर हिरवी खूण आली आणि ‘पाठवले’ असे दिसले. मेलबॉक्समध्ये काही नाही, जंकमध्ये नाही, क्वारंटाइनमध्ये (संशयित मेल रोखून ठेवण्याच्या जागी) नाही, आणि मेसेज ट्रेसमध्ये, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या नोंदींत, तर असा संदेश आल्याची नोंदच नाही. इतर तीन यंत्रांवरही हेच.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सकाळी लेखापाल सांगत आले की कालचे सगळे स्कॅन आज पहाटे एकदम आले. जे मेल वाटेत हरवले ते दुसऱ्या दिवशी आपणहून कसे आले, यावर विचार करताना उलगडा झाला. ते जुन्या सर्व्हरवरच्या मेलबॉक्समध्ये पडून होते आणि २४ तासांच्या फेरीत नक्कल करणाऱ्या यंत्रणेने तेथून उचलून आणले.

कारण असे : प्रिंटर अजून जुन्या होस्टिंगच्या खात्यातून मेल पाठवत आहेत, आणि तो सर्व्हर संस्थेचे डोमेन अजूनही आपलेच समजतो. बाहेरच्या जगासाठी एमएक्स बदलला, पण जुना सर्व्हर या डोमेनसाठी एमएक्स पाहतच नाही. पत्ता आपल्या घरचा दिसला की टपाल आपल्याच पेटीत टाकून मोकळा होतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डोमेनचे मेल ‘लोकल’वरून ‘रिमोट’वर नेल्यावर हे थांबले. त्याच न्यायाने वेबसाइटचा फॉर्मही अडकला असणार, म्हणून जुन्या वेबमेलमध्ये पाहिले, तर कालपासूनच्या दोन चौकशा तेथे जशाच्या तशा पडून होत्या. नक्कल करणारी ही यंत्रणा मी शनिवारीच बंद केली असती, तर त्या कुणाला दिसल्याच नसत्या.

फॉर्मचे मेल आता नव्या मेलबॉक्सकडे येते, पण जुन्या होस्टिंगचा पत्ता एसपीएफमध्ये नसल्याने जंकमध्ये जाते. तो पत्ता एसपीएफमध्ये घालणे सोपे होते, मात्र तो सर्व्हर शेकडो ग्राहकांचा सामाईक आहे, आणि मग त्यांच्यापैकी कुणीही संस्थेच्या नावाने मेल पाठवू शकला असता. त्याऐवजी फॉर्मला वेगळा सबडोमेन (मुख्य डोमेनखालचे उपनाव) दिला आणि परवानगी तेवढ्याच नावापुरती ठेवली.

स्कॅनसाठी तीन मार्ग समोर होते. पासवर्ड वापरून ५८७ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचे क्रमांकित दार) पाठवणे नव्या खात्यांत मुळातच बंद असते (जानेवारी २०२० नंतरच्या सर्व संस्थांसाठी ते तसेच आहे), शिवाय जुन्या यंत्राला टीएलएस १.२ ही जोडणी सुरक्षित करण्याची पद्धत येत नाही. थेट संस्थेच्या एमएक्सकडे पाठवण्याच्या मार्गाला पासवर्ड लागत नाही, पण मेल फक्त संस्थेतल्या पत्त्यांनाच जाते आणि तोच मार्ग फसवणूक करणाऱ्यांनाही मोकळा असतो. म्हणून तिसरा निवडला : कार्यालयाच्या स्थिर आयपी पत्त्याशी (इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या क्रमांकाशी) बांधलेला मायक्रोसॉफ्ट ३६५ मधला मेल कनेक्टर, जो २५ पोर्टवरून येणारे मेल स्वीकारतो. इंटरनेट पुरवणाऱ्याने हा पोर्ट बंद ठेवला होता. विनंतीनंतर दुपारी उघडला. मात्र कार्यालयातील एखाद्या संगणकाला विषाणूची बाधा झाली, तर तोही याच वाटेने बाहेर मेल पाठवू शकेल. त्यामुळे फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्यावर, २५ पोर्ट केवळ चार प्रिंटरांच्या पत्त्यांसाठीच खुला ठेवला.

पासवर्डाचा तो कागद काढला. चिकटपट्टीचा चौकोन यंत्रावर तसाच राहिला.

सोमवार, २२ सप्टेंबर

छपाईचे काम हाती घेतले. क्लाउड छपाईबद्दल व्यवस्थापकांच्या मनात शंका होती, आणि ती निराधार नव्हती : गूगलची क्लाउड प्रिंट ही सेवा २०१० मध्ये सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली, तोपर्यंत तिच्यावरची ‘बीटा’ ही पाटी उतरलीच नव्हती. मायक्रोसॉफ्टची युनिव्हर्सल प्रिंट ही सेवा त्यानंतर लगेच, मार्च २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तीही कधीतरी बंद होऊ शकते, हे मी नाकारले नाही. पण जुना प्रिंट सर्व्हर ठेवण्याला २०२१ नंतर फारसा अर्थ उरलेला नाही. त्या वर्षी उघड झालेल्या प्रिंटनाइटमेअर या त्रुटीने दाखवले की विंडोजची छपाई सेवा आणि तिच्यात घुसणारे ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे प्रोग्राम) हेच घुसखोराचे दार ठरू शकते. नव्या पद्धतीत कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर कोणत्याही कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

दोन यंत्रे स्वतःच युनिव्हर्सल प्रिंटशी बोलू शकतात. उरलेल्या दोघांसाठी कपाटावरच्या एका लहान संगणकावर युनिव्हर्सल प्रिंटचा कनेक्टर, म्हणजे प्रिंटर आणि सेवा जोडणारा प्रोग्राम, बसवला. तो संगणक झोपी जाणार नाही अशी सेटिंग केली, कारण तो झोपला की दोन्ही प्रिंटर सर्वांच्या यादीत ‘ऑफलाइन’ दिसतात आणि कागद अडकला असेल असे समजून लोक झाकणे उघडत बसतात.

पहिली छपाई अयशस्वी ठरली. जुन्या यंत्राचा पिवळा दिवा लागला आणि पडद्यावर ‘लेटर’ कागद घालण्याची सूचना आली. ट्रेमध्ये ए-४ भरलेला, मागणी मात्र लेटरची. लेटर ए-४ पेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतो. यंत्राला तेवढा फरक पुरतो आणि ते हटून बसते. पोर्टलमध्ये प्रत्येक प्रिंटरचा मूळ कागद ए-४ आणि मूळ छपाई काळी-पांढरी, दुबाजू अशी ठरवल्यावर प्रश्न मिटला.

बुधवार, २४ सप्टेंबर

आजची नोंद लिहिताना संकोच वाटतो. रात्री वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने पत्ते नव्याने वाटले. कनेक्टरवरचे दोन प्रिंटर एकमेकांच्या पत्त्यावर गेले. सकाळी लेखापालांनी पगारपत्रक छापायला दिले, ते त्यांच्या शेजारच्या यंत्रातून निघायच्या ऐवजी तळमजल्यावर स्वागतकक्षातल्या यंत्रातून निघाले आणि आलेल्यागेलेल्यांसमोर ट्रेमध्ये वीस मिनिटे पडून राहिले. त्याच वेळी तिसऱ्या यंत्राला पूर्वी कधीच न वापरलेला पत्ता मिळाल्याने फायरवॉलने त्याचे स्कॅन अडवले. ५ तारखेच्या नोंदीतले ‘नंतर करायचे’ हे शब्द माझेच आहेत.

चारही यंत्रांना त्यांच्या मॅक पत्त्यानुसार (यंत्राच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकानुसार) राउटरवर कायमचे पत्ते नेमून दिले; या कामाला बारा मिनिटे लागली. राउटर दोनदा बंद-चालू करून खात्री केली. लेखा विभागाच्या प्रिंटरवर, माणूस समोर उभा राहून फोनने क्यूआर कोड वाचेपर्यंत काम रोखून ठेवण्याची सोय चालू केली आणि त्या प्रिंटरचा वापर त्याच विभागाच्या गटापुरता मर्यादित केला. लेखापाल माझ्याशी सभ्यपणे बोलले, तेच जास्त लागले.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

डीमार्कचे अहवाल जमले आहेत. एक्सएमएलमधल्या या फायली डोळ्यांना सुखावणाऱ्या नसतात, पण त्यांत पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता, संदेशांची संख्या आणि तपासणीचा निकाल एवढे नेमके मिळते. मेल कुणाला गेले हे मात्र त्यांत नसते.

सर्वांत मोठा गट लेखा सॉफ्टवेअरचा : ४१ पावत्या, एसपीएफ उत्तीर्ण, तरीही डीमार्क अनुत्तीर्ण. हे कोडे वरवर विसंगत वाटते. सॉफ्टवेअर आपल्या मेलसेवेमार्फत पावत्या पाठवते. पाकिटावरचा परतीचा पत्ता त्या सेवेच्या डोमेनचा असतो आणि आतल्या पत्रावर नाव संस्थेचे असते. एसपीएफ केवळ पाकीट तपासतो आणि ते खरे ठरते. डीमार्क पाकिटावरचे आणि पत्रावरचे डोमेन जुळते का, हेही पाहतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये संस्थेच्या डोमेनसाठी डीकेआयएम चालू केल्यावर पावत्या संस्थेच्या सहीने जाऊ लागल्या.

शिवाय जुन्या होस्टिंगच्या पत्त्यावरून आठवड्याला एक संदेश जातो आहे, दर सोमवारी. फॉर्म नव्हे, प्रिंटर नव्हेत. कळत नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

इंटरनेटची तार मुद्दाम काढून चाचणी घेतली. क्लाउड छपाईत कागद दोन हातांवर असला, तरी मजकूर आधी दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो, त्यामुळे इंटरनेट गेले की प्रिंटर समोर असूनही छपाई बंद पडते. अशा वेळेसाठी प्रत्येक मजल्यावरच्या एका संगणकावर प्रिंटर थेट आयपीपी या छपाईच्या नेटवर्क पद्धतीने, ६३१ पोर्टवरून जोडून ठेवला आणि त्याला ‘फक्त इंटरनेट नसताना’ असे नाव दिले. तरी कुणीतरी तो रोज वापरणार, याची मला खात्री आहे.

जुना प्रिंट सर्व्हर बंद केला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

हस्तांतर झाले. पुसलेले मेल १४ दिवस परत मिळते ही मुदत ३० दिवसांवर नेली, जास्तीत जास्त मर्यादा तेवढीच आहे. डीमार्क निरीक्षणावरून क्वारंटाइनवर नेण्याआधी सोमवारचा तो संदेश कोणाचा, हे शोधणे भाग होते. होस्टिंगच्या पाठवण्याच्या लॉगमध्ये वेळ सापडली : सकाळी ठीक सहा, ‘स्कॅन’ खात्यातून. त्या खात्याचा पासवर्ड प्रिंटरमधून काढून चार आठवडे होऊन गेले होते, आणि सहा वाजता कार्यालयात कुणी नसते.

तळमजल्यावरच्या कपाटातल्या यूपीएसला नेटवर्क कार्ड आहे. ते दर सोमवारी बॅटरीची चाचणी करून निकाल मेलने कळवते, आणि तो निकाल आजवर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या त्याच गृहस्थांच्या खाजगी पत्त्यावर जात होता. त्यांनी तो कधी उघडला होता का, हे विचारले नाही. ताज्या निकालात बॅटरी बदलण्याची सूचना होती. यूपीएसचा पत्ता नव्या मेल कनेक्टरकडे वळवला, फायरवॉलवर पाचवे यंत्र म्हणून त्याला परवानगी दिली, ‘स्कॅन’ खाते बंद केले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर २७ व्या ओळीत यूपीएस असे लिहिले.